आधी काय तुटायचं ते ठरव

हात पूस आणि इकडे ये. हे पिनियन नीट बघ. तीन दात मुळापासून गेलेत. गुऱ्हाळवाल्याचा फोन तुझं कौतुक करायला आला नव्हता. तोडलेला ऊस अड्ड्यावर पडून वाळतोय, काढलेला रस आंबला, आणि ओतीव पिनियन काय दुकानात टांगलेलं नसतं. पॅटर्न शोधा, फाउंड्रीत ओता, दात पाडा. सीझनमध्ये एवढे दिवस चरक बंद म्हणजे काय, हे तुझ्या घरीच विचार, तुमचाही ऊस आहे ना?

पहिल्यांदा काय झालं होतं? मोळीतून कोयत्याचा तुकडा लाटांत गेला आणि चावी कातरली. चाळीसच्या शाफ्टवरची १२ बाय ८ ची साधी चावी. ती गेली म्हणून शाफ्ट वाचला, पिनियन वाचलं. तिचं काम तिनं चोख केलं. आणि तुझी अक्कल काय चालली? ‘सर, जुनी चावी मऊ होती.’ म्हणून हायस्पीडचा टूल बिट ग्राइंडरवर घासलास आणि घातलास ठोकून. पुन्हा काहीतरी लाटांत अडकलं तेव्हा चावी हलली नाही. मग दणका जाणार कुठं? बिडाच्या दातांवर. वर शाफ्टचा कीवेही चेपलाय, बोट फिरवून बघ. मशीनमध्ये काहीतरी तुटणारच असतं रे. ते सगळ्यात स्वस्त आणि हाताशी असलेलं तुटावं म्हणून मटेरियल निवडायचं असतं. तू सगळ्यात महागडं पुढं केलंस.

थांब, अजून संपलं नाही.

बेअरिंग ब्लॉकचे बोल्ट कुणी बसवले? ते मशीन जुनं आहे, त्यात अर्ध्या इंचाचे व्हिटवर्थ आटे आहेत, इंचाला १२. तू त्यात एम १२ घातलास. त्याची पीच पावणेदोन मिलिमीटर, याची दोनच्या वर. दोन आटे धरले, पुढं जाम झाला, तेव्हा थांबून पीच गेज लावायचा की पान्याला पाइप अडकवून ओढायचा? तुझ्या खिशात पीच गेज असतो, तो काय शोभेला? आता भोकातले आटे गेले, बुश मारून नवे पाडावे लागतील.

आणि त्या बोल्टच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाच. ४.६. शेजारचा जुना ८.८ चा आहे. पहिल्या आकड्याला शंभरानं गुण, तुटायचा ताण मिळतो: ४०० आणि ८०० मेगापास्कल. दुसरा आकडा सांगतो की त्यातल्या कितव्या हिश्श्याला बोल्ट ताणून लांबतो आणि परत येत नाही. म्हणजे तुझा २४० ला लांबणार, तो ६४० ला. निम्म्यापेक्षा कमी. दुकानदार दोन्ही एकाच पोत्यातून काढून देतो. डोकं वाचायचं काम आपलं.

शाफ्ट लवतोय म्हणून ईएन २४ मागवायला निघाला होतास म्हणे. कुणी सांगितलं रे, महागडं स्टील कमी लवतं? साधं एमएस, ईएन ८, ईएन २४, तुटेपर्यंत प्रत्येकाची ताकद वेगळी, पण लवणं जवळपास सारखंच. लवणं कमी करायचं तर जाडी वाढव. चाळीसचा पंचेचाळीस केलास तर त्याच वजनाखाली एकतृतीयांशाहून जास्त कमी लवेल. त्यासाठी ६२०८ ऐवजी ६२०९ बेअरिंग लागेल, ब्लॉक बोअर करावा लागेल, चावी १४ बाय ९ होईल. वजनाचा हिशेब येतो ना? व्यासाचा वर्ग भागिले १६२. मीटरला दहाऐवजी साडेबारा किलो. अडीच किलो लोखंडात काम भागतं तिथं तू ॲलॉयची बिलं करणार.

परवाचा तो गज कुठून आणलास? भंगारातून. ‘ईएन ८ आहे म्हणाला.’ म्हणाला! ग्राइंडरवर टेकवून बघितलास? एमएसच्या ठिणग्या लांब जातात, फुटतात थोड्या. कार्बन वाढला की जास्त फुटतात, फुलबाजीसारख्या. ओळखीचा ईएन ८ चा तुकडा शेजारी धरून बघायचं, अंदाजावर जायचं नाही. ठिणगीनं ग्रेडची खात्री होत नाही, पण एमएस गळ्यात पडण्यापासून वाचतोस.

आता मान वर कर, रडू नकोस, वेळ नाहीये. रॅकवरचा मधला गज घे, रंग लावलेलं टोक ठेवून दुसऱ्या टोकानं काप. रंग गेला तर उद्या तो कशाचा होता हे देवालाही सांगता येणार नाही. शाफ्टच्या पायरीला रेडियस सोड, चौकोनी कोपरा दिसला तर मी तो परत टाकीन. चावी साध्या की-स्टीलचीच. दुपारी चारला तुझ्याबरोबर मी गुऱ्हाळावर येतोय, आणि मालकाशी बोलायचं तू.