पडद्यावरचा मजकूर कोणासाठी?

आमच्या वर्गातला प्रोजेक्टर लोकवर्गणीचा आहे. कुणी कापूस विकल्यावर दिले, कुणी मजुरीतून काढून दिले. धुळे जिल्ह्यात त्या काळात वारंच तसं होतं. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला, आणि मूळचे धुळ्याचे, न्यूयॉर्कमध्ये बँकिंग क्षेत्रात काम करणारे हर्षल विभांडिक जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी गावोगाव सभा घेत फिरले. काही वाटा ते उचलायचे, उरलेला गावाने उभा करायचा. त्यातून शेकडो शाळांत पडदे लागले. आमचं गावही त्या वाऱ्यात होतं.

वर्गणीच्या वस्तूचं एक ओझं असतं. पडदा गुंडाळलेला दिसला की पालक विचारतात, ‘सर, बिघडला का?’ म्हणून मी तो रोज लावू लागलो, आणि रोज लावायचा म्हणून रोज स्लाइड करू लागलो. यातला मुलांचा विचार किती आणि गावाला हिशेब दाखवण्याचा किती, हे मी स्वतःला फार उशिरा विचारलं. त्यात तिसराही वाटा आहे. खिडक्या लावून अंधार केला, की वर्ग कसा गप्प होतो! त्या शांततेचा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर फार चांगला दिसतो. मुलं रमली आहेत असं मी खाली लिहितो. ती रमलेली असतात की नुसती पडद्याकडे बघत असतात, हे फोटोत कळत नाही. खरं सांगायचं तर वर्गातही मला ते दर वेळी कळतं असं नाही.

कीटकांच्या जीवनचक्राचा तास. स्लाइड कुणीतरी पाठवलेली, सुरेख. अंडी, अळी, कोष, आणि शेवटी परदेशातलं केशरी-काळं फुलपाखरू. एका मुलीने विचारलं, ‘सर, बोंडअळीनंबी असं पाखरू व्हस का?’ होतो की, पतंग होतो. मी एवढंच म्हणालो आणि बाणाची कळ दाबली, कारण पुढच्या स्लाइडवर बोंडअळी नव्हती. शाळेच्या कुंपणापलीकडे कपाशी उभी होती. गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रातल्या कपाशीचं काय केलं, ते त्या मुलीच्या घराने सोसलं असणार. पाकळ्या न उमलता मिटून राहिलेली डोमकळी तिने हाताने तोडून उघडली असेल. आत काय वळवळतं हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक. धड्याची सगळ्यात जिवंत वाट तिने दाखवली होती. पण तासाचा क्रम आदल्या रात्रीच ठरून गेला होता. फळ्यावर असतो तर डावीकडचं पुसून डोमकळी काढली असती, असं मला वाटतं. नक्की काढली असती का? फळ्याच्या काळातही मी प्रश्न टाळलेच आहेत. फक्त तेव्हा टाळण्याला यंत्राचं निमित्त नव्हतं.

याहून खोलवर खटकणारी गोष्ट भाषेची. खडू हातात असला की मी नकळत अर्धा अहिराणीत बोलतो. पडद्यासमोर मात्र माझी मराठी कडक इस्त्रीची होते, कारण समोर लिहिलेलंच मी वाचत असतो. वाक्य स्लाइडवर का टाकतो? मुलांना वाचता यावं म्हणून, असं मी सांगतो. खरं कारण म्हणजे मला मुद्दा विसरण्याची भीती वाटते. तो मजकूर माझा आहे, माझ्या तयारीच्या उणिवेवरचं ठिगळ आहे. तेच शब्द पडद्यावर वाचायचे आणि तेच कानाने ऐकायचे, यात शिकणं सोपं न होता अवघड होतं, असं रिचर्ड मेयर यांचं मल्टिमीडियावरचं संशोधन सांगतं. ते वाचण्याआधीही मागच्या बाकांवरचे चेहरे मला तेच सांगत होते.

आपल्याकडे पडद्यावर चित्रं दाखवणं जुनं आहे. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९० च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ केले. काचेवर रंगवलेली चित्रं, मागे दिवा, आणि गोष्ट सांगणारा माणूस. सांगायचं ते त्या माणसाच्या तोंडी होतं. पॉवरपॉइंट १९८७ साली आलं ते कंपन्यांच्या बैठकांसाठी. मुद्द्यांची ती यादी तिथून आमच्या सहावीच्या वर्गात येऊन बसली आणि मी तिला कधी अडवलं नाही.

उलट टोकाचं उदाहरणही आमच्याच धुळ्याचं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत, अठरा रविवार, आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ झालं. शिक्षकांच्या सभेत हा दाखला देऊन पडदे गुंडाळायला सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही. समोर स्वतःहून तुरुंगात आलेले सत्याग्रही होते, आणि बोलणारे विनोबा होते. मी विनोबा नाही, आणि माझ्या वर्गातली पोरं मधल्या सुट्टीच्या घंटेकडे कान लावून असतात. पण उतरवून घेण्याची गोष्ट मात्र मनात राहते. फळ्यावरचं मुलं वहीत उतरवतात. स्लाइड सरकते, वही कोरी. दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणीला गेलेली मुलं परत आली की मैत्रिणीची वही मागतात, आणि त्या वहीत माझ्या इतक्या सुंदर तासाचं काहीच नसतं.

पडदा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. उपग्रहाच्या चित्रावर तापी सातपुड्याच्या पायथ्याने पश्चिमेला निघालेली दाखवली आणि तिच्या खोऱ्यात पोरांनी आपलं गाव शोधलं, तेव्हाचा गोंगाट मी विसरणार नाही. धडधडतं हृदय, समुद्राची भरती, कांद्याच्या सालीतली पेशी हे खडूने होत नाही. एकदा सगळी वाक्यं काढून फक्त चित्रं ठेवली. मधेच अडखळलो, एक मुद्दा राहूनही गेला. त्या तासाचा फोटो कुठे पाठवला नाही.

आता प्रोजेक्टरचा दिवा मंदावत चालला आहे. नव्या दिव्याचे पैसे पुन्हा गावाकडेच मागावे लागतील, आणि ग्रामसभेत एखादा बाप विचारेल, ‘तेच्यावर तुम्ही दखाडतस काय?’ तापी आणि हृदय मी सांगेन. त्याच संगणकात वाक्यांनी भरलेल्या ज्या फायली साठल्या आहेत, त्यांच्यासाठी त्याच्याकडे रुपया मागायला माझी जीभ रेटत नाही.