अहिंसा आणि आहार

बौद्ध धर्माचा विषय आपल्या देवळांच्या सभामंडपांत निघाला की श्रोत्यांपैकी कोणी ना कोणी एक प्रश्न हमखास विचारतो : ज्याने अहिंसेचा उपदेश केला, त्या बुद्धाचे अनुयायी मांसमत्स्य खातात कसे? प्रश्नाच्या स्वरात जिज्ञासेपेक्षा आरोपच अधिक असतो. विशेष हे की, विचारणारा गृहस्थ पुष्कळदा आमच्याच गोमंतकातला, सोमवारी व एकादशीस शिवराक पाळणारा आणि मंगळवारी हुमणाची वाट पाहणारा असतो. फिर्यादी आणि आरोपी ह्यांची स्थिती इतकी मिळतीजुळती असताना निवाडा घाईने देणे बरे नव्हे. प्रथम पुरावा पाहणे प्राप्त आहे.

पाली विनयपिटकात ह्या प्रश्नाचा निर्णय स्पष्टपणे दिलेला आहे. वैशालीचा सेनापती सिंह हा पूर्वी निर्ग्रंथांचा अनुयायी होता. तो बुद्धाचा उपासक झाला, भिक्षुसंघाला त्याने भोजनास बोलाविले आणि बाजारात तयार असलेले मांस आणवून वाढले. निर्ग्रंथांनी नगरभर ओरड केली की, श्रमण गोतमासाठी मोठे जनावर मारले. त्या प्रसंगी बुद्धाने नियम घालून दिला. आपल्यासाठी प्राणी मारल्याचे भिक्षूने पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी त्याला शंका असेल, तर त्याने ते मांस घेऊ नये. ह्या तिन्ही बाजूंनी जे निर्दोष असेल ते घेण्यास प्रत्यवाय नाही. ह्यालाच त्रिकोटिपरिशुद्ध मांस म्हणतात. मनुष्य, हत्ती, घोडा, कुत्रा, साप, सिंह, वाघ इत्यादी दहा प्रकारचे मांस मात्र सर्वथा वर्ज्य ठरविले. पुढे देवदत्ताने कडक आचाराच्या पाच मागण्या मांडल्या. भिक्षूंनी जन्मभर मासे-मांस खाऊ नये ही त्यांपैकी एक होती. बुद्धाने ती सक्ती मान्य केली नाही.

ही सवलत जिभेच्या लाडासाठी होती असे समजणे अन्यायाचे होईल. भिक्षू हा मागून खाणारा. पात्र पुढे करावे आणि त्यात पडेल ते गोड मानून घ्यावे, हा त्याचा धर्म. अमके अन्न चालते, तमके चालत नाही असे तो म्हणू लागला की, अन्नामागोमाग घरांची आणि घरांमागोमाग माणसांची निवड सुरू होते. बुद्धाचे अखेरचे महत्त्वाचे भोजन चुंद नावाच्या एका लोहाराच्या घरचे होते. ते जेवून तो आजारी पडला. तरीही चुंदाला पश्चात्ताप वाटू नये, त्याच्या दानाचे पुण्य थोर आहे असे त्याला सांगावे, म्हणून त्याने आनंदाला सूचना दिली. मरणाच्या दारात उभे असतानाही वाढणाऱ्याचे मन दुखावू नये ही काळजी ज्याने घेतली, त्याच्या आहारविषयक नियमाचे मर्म ताटापेक्षा वाढणाऱ्या हातात शोधले पाहिजे.

त्या भोजनात 'सूकरमद्दव' नावाचा पदार्थ होता. ते डुकराचे मांस की एखादे कंद अथवा आळंबे, ह्यावर प्राचीन काळापासून मतभेद आहेत. आमच्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी ह्यांनी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध' ह्या ग्रंथात हा प्रश्न आडपडदा न ठेवता चर्चिला आणि तत्कालीन श्रमणांच्या मांसाहाराविषयीचे आपले मत निर्भीडपणे मांडले. त्याबद्दल त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. परंतु पूज्य पुरुषाचे चरित्र आपल्या आवडीप्रमाणे सोवळे करून घेणे हेही असत्यच, ही त्यांची भूमिका विचारी माणसाला मान्य करावी लागेल.

इतके झाले तरी वकिलाच्या मनात एक शंका उरतेच. त्रिकोटीचा नियम मागणाऱ्यासाठी झाला. विकत घेणाऱ्याचे काय? खाटीक प्राणी मारतो तो अमक्या गिऱ्हाइकासाठी म्हणून नव्हे, पण गिऱ्हाईक येणारच ह्या भरवशावर मारतो. गिऱ्हाइकाने ते पाहिलेले नसते, ऐकलेले नसते. शंका मात्र नाही असे त्याला शपथेवर सांगता येईल काय? अंगुत्तरनिकायात उपासकाने शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष ह्या पाच वस्तूंचा व्यापार करू नये असे सांगितले आहे. म्हणजे मांस विकणे निषिद्ध आणि खाणे निषिद्ध नाही! मग विकावयाचे कोणी? इतिहासाने ह्याचे उत्तर दिले आहे, ते सुखावह नाही. बौद्ध तिबेटच्या राजधानीत, ल्हासात, खाटकाचे काम बहुधा मुसलमानांकडे असे. पाप दुसऱ्याच्या नावावर आणि भोजन आपल्या पानावर, अशी ही वाटणी झाली. मनुस्मृती ह्या बाबतीत अधिक सावध आहे. संमती देणारा, मारणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा ह्या सर्वांस ती एकाच पंक्तीत बसविते. आणि तीच मनुस्मृती पुढे मांसभक्षणात दोष नाही, पण निवृत्तीचे फळ मोठे, असेही म्हणते. तेव्हा ह्या पेचातून आपलाही धर्म सहज सुटलेला नाही.

महायान पंथाने हा पेच ओळखला. लंकावतारसूत्राने एक संपूर्ण प्रकरण मांसनिषेधाला वाहिले. चीनमधील लिआंग घराण्याचा सम्राट वू (राज्यकाल इ. स. ५०२ ते ५४९) ह्याने भिक्षूंनी मद्यमांस सोडावे असा आग्रह धरला, आणि चिनी व व्हिएतनामी भिक्षूंचा शाकाहार पुढे परंपरेने रूढ झाला. सिंहल, ब्रह्मदेश व सयाम येथे मात्र त्रिकोटीचाच नियम चालू राहिला.

ह्या दोन वाटांचा मेळ घालणारा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात मांडला. बॅरिस्टरास साजेसा भेद त्यांनी केला : नियम वेगळा आणि तत्त्व वेगळे. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व त्याला विचार करून वागण्याची मोकळीक देते आणि म्हणूनच जबाबदारीही देते. बुद्धाने अहिंसा तत्त्व म्हणून सांगितली, नियम म्हणून नव्हे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा ह्यांत तो फरक करीत असे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

तत्त्व मोकळे सोडले की आळशी मनुष्य त्याचा फायदा घेतो, हा आक्षेप खोटा नाही. ज्या तत्त्वामागे दंड नाही ते मुलांच्या अंगी बाणावयाचे कसे? ह्याचे एक उत्तर व्हिएतनाममधील बौद्ध तरुणांच्या संघटनेत सापडते. तिचे नाव 'झा दिन्ह फात तू', म्हणजे बुद्धाच्या मुलांचे कुटुंब. ह्वे नगरात १९४० नंतरच्या दशकात तिचा पाया घातला गेला. ले दिन्ह थाम नावाचे एक वैद्यकीय डॉक्टर तिच्या प्रवर्तकांत अग्रगण्य होते. हे नाव तिला १९५१ साली मिळाले, आणि १९७५ नंतर देशत्याग केलेल्या व्हिएतनामी लोकांबरोबर ती अमेरिका, फ्रान्स व ऑस्ट्रेलियात पोचली. राखी रंगाचा सदरा, त्यावर कमळाचे चिन्ह, आणि करुणा, प्रज्ञा व धैर्य हे तीन शब्द ब्रीद म्हणून. मुले विहारात जमतात, सूत्रपाठ करतात, धर्माचा धडा घेतात, आणि मग बालवीरांप्रमाणे दोराच्या गाठी, खेळ, गाणी, शिबिरे ह्यांत रमतात.

लहान मुलांसाठी तेथे तीनच नियम आहेत : बुद्धाचे स्मरण ठेवावे, आईबापांचा आदर करून भावंडांशी गोडीने राहावे, माणसांवर आणि प्राण्यांवर प्रेम करावे. मोठ्यांच्या पाच नियमांत करुणेचा विस्तार करून जीविताचा आदर करावा असे एक कलम आहे. ह्या आठ नियमांत मांस खाऊ नये असे वाक्य नाही. परंतु विहाराचे स्वयंपाकघर शाकाहारी, आणि चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी शाकाहार करण्याची गृहस्थांची रीत जुनी. कोणी महिन्यातून दोन दिवस पाळतो, कोणी चार, कोणी दहा. कोणी हळूहळू कायमचेच सोडतो.

ह्या व्यवस्थेतील शहाणपण नियमांच्या शेजारात आहे. प्राण्यांवर प्रेम करण्याचा नियम आईबापांच्या आदराच्या नियमाला लागूनच ठेवला आहे. त्यामुळे विहारात शाकाहार करून आलेल्या मुलाला घरी मासळी शिजविणाऱ्या आईकडे तुच्छतेने पाहण्याची मुभा उरत नाही. करुणा शिकावयाची ती माणसाला वगळून नव्हे. शिवाय हे पाळणे एकट्याचे नसते. बरोबरीची मुले तेच जेवतात. त्यामुळे त्यागाचा मोठेपणा कोणाला मिरविता येत नाही आणि त्यागाचे ओझेही कोणाला वाटत नाही. देवदत्ताला जे सक्तीने हवे होते, ते येथे सोबतीने आणि सवयीने हळूहळू साधते.

आता आपल्याकडे वळू. सोमवार, एकादशी, श्रावण, चतुर्थी हे आमचे शिवराक दिवस ह्याच जातीचे आहेत. त्यांना ढोंग म्हणून हसणाऱ्यांशी माझे मत जुळत नाही. महिन्यातून चार दिवस जिभेला 'नाही' म्हणणारा मनुष्य पाचव्या दिवशी थोडा विचार करण्याची शक्यता तरी असते. परंतु ह्या आचाराची कसोटी दिवसांच्या संख्येत नाही. ज्याच्या होडीतून आमचे नुस्ते येते तो खारवी आणि जी ते टोपलीत घेऊन दारी येते ती बाई, ह्यांच्याशी आमचा व्यवहार कसा आहे, हे पाहिले पाहिजे. मासे खाणारा पंक्तीत वर आणि मासे धरणारा पंक्तीबाहेर, अशी मांडणी ज्या देवस्थानात पिढ्यानपिढ्या चालली, तेथे ल्हासाच्या खाटकाबद्दल बोलण्याचा अधिकार आम्हांस उरत नाही. आणि जो मुळीच मांसमत्स्य खात नाही, पण खाणाऱ्याला आपल्या माडीवर भाड्याने खोली देत नाही, त्याने प्राण्यावरची दया माणसाकडून वसूल केली असे म्हणावे लागेल.

म्हणून आरंभीच्या प्रश्नावर माझा निर्णय असा. बुद्धाचे अनुयायी मांस खातात हा त्यांच्या धर्मावरील दोषारोप सिद्ध होत नाही. मात्र मारणाऱ्याला पापी ठरवून स्वतः निर्दोष राहणाऱ्या प्रत्येक खाणाऱ्यावर तो सिद्ध होतो, मग तो बौद्ध असो वा हिंदू. ज्याला सोडणे शक्य आहे त्याने अवश्य सोडावे; निवृत्तीचे फळ मोठे आहे हे दोन्ही परंपरांस मान्य आहे. ज्याला सोडवत नाही, त्याने निदान आपला वाटा आपल्या नावावर घ्यावा आणि आपल्यासाठी हात रक्ताळून घेणाऱ्या माणसाला आपल्या शेजारी बसवावे. देवळांतून मुलांचे संस्कारवर्ग चालविणाऱ्यांनी शिवराक दिवसांची यादी जरूर शिकवावी. पण तिच्याबरोबर ही दुसरी गोष्टही शिकवावी.