मोकळा कोण?

दत्तभक्तहो, अवधूतांनी २४ गुरू केले. त्यांत अजगरही होता, मधमाशीही होती. मग जर्मनीतल्या कांट नावाच्या तत्त्वज्ञाकडून एक गोष्ट शिकायला काय हरकत?

कांट १७८५ च्या ग्रंथात दुकानदाराचा दाखला देतो. लहान पोरगं आलं तरी तो भाव वाढवत नाही. चांगलंच. पण गिऱ्हाईक तुटेल म्हणून, की फसवू नये म्हणून? पहिल्यात हिशेब आहे, दुसऱ्यात नीती. लोभ आणि भीती ओढतील तिकडे जाणारा मोकळा नव्हे. बुद्धीला पटलेला नियम जो स्वतःला घालून घेतो, तोच मोकळा.

लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या, १९१५ साली छापलेल्या गीतारहस्यात कांटचा विचार गीतेच्या निष्काम कर्माशेजारी ठेवून तपासला आहे. अंग कोठडीत होतं, बुद्धी मोकळी होती.

आता आपलं पाहू. कारंज्याला गुरूंच्या जन्मस्थानी मीही नवसांची यादी घेऊनच गेलो आहे. मागणं पाप नाही. लेकरू आईला मागतंच. पण नवस फळला नाही म्हणून पातुरात परतून शेजाऱ्याचा धुरा कोरला, तर आपली भक्ती त्या हिशेबी दुकानदाराचीच झाली.

यंदा जयंतीला खुशाल मागा. फक्त चांगलं वागणं त्या मागण्यावर टांगून ठेवू नका.

श्रीगुरुदेव दत्त!