पाहणारे आणि राखणारे

उल्हास नदीच्या काठी, मलंगगडाच्या पायथ्याशी आणि बारवीच्या रानालगत राहणाऱ्या जुन्या माणसांना वन्य प्राणी पाहण्यासाठी कोठे जावे लागत नसे. प्राणी होतेच. त्यांच्यापासून गुरे आणि शेत राखण्यासाठी माणसे रात्रीची बाहेर पडत. आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही शहरांत इमारतींची दाटी झाली आहे, आणि येथे वाढणाऱ्या मुलांनी सिंह पाहिला आहे तो पडद्यावर. म्हणूनच पर्यटन संस्था जेव्हा आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे अशा तिन्ही पिढ्यांना केनिया किंवा टांझानियाच्या जंगलसफरीचे आमंत्रण देतात, तेव्हा मध्यमवर्गीय घरांतही त्याची चर्चा होऊ लागते. परदेशी नोकरीस असलेला मुलगा खर्च उचलण्यास तयार असतो. आईवडिलांच्या लग्नाचा सुवर्णमहोत्सव हे निमित्तही असते.

ही चैन आहे, असे म्हणून हा विषय मिटविता येईल. तसे आम्ही म्हणणार नाही. आयुष्यभर कारखान्याच्या भोंग्यावर आणि लोकलच्या वेळापत्रकावर जगलेल्या वडिलांना मुलाने एकदा जग दाखवावे, यात चौथ्या आज्ञेचे पालनच आहे. मात्र अशा प्रवासातून कुटुंबाने काय घेऊन यावे, आणि ज्या सृष्टीचे वैभव आपण पाहून येतो तिला आपल्याकडून काय मिळावे, हा प्रश्न श्रद्धावंताला टाळता येणार नाही.

पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानांवर मनुष्याला सृष्टीवर सत्ता दिल्याचे आपण वाचतो. ते वचन आपल्या चांगले लक्षात राहिले आहे. पुढच्याच अध्यायात देव मनुष्याला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. हे मात्र आपण सहज विसरतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात या दुसऱ्या वचनाकडे आपले लक्ष वेधले आणि सत्तेचा अर्थ मनमानी असा होत नाही, हे स्पष्ट केले. पाहणे आणि राखणे या दोन क्रिया आहेत. पहिलीला पैसा पुरतो. दुसरीला मन, वेळ आणि आठवण लागते.

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेतील. तो अरबी ‘सफर’ या शब्दापासून आला आणि आपल्या मराठीतील ‘सफर’ही त्याच कुळातील. मूळ अर्थ नुसता प्रवास. त्याला शिकारीचा वास लागला तो गोऱ्या शिकाऱ्यांमुळे. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आपला मुलगा कर्मिट याला घेऊन पूर्व आफ्रिकेत गेले. पितापुत्रांनी मिळून ५१२ प्राणी मारले. त्यांत १७ सिंह, ११ हत्ती आणि २० गेंडे होते. संग्रहालयासाठी नमुने गोळा करणे हा त्या मोहिमेचा उद्देश होता. आणि हेच रूझवेल्ट स्वदेशात अध्यक्ष असताना अरण्ये आणि अभयारण्ये राखून ठेवण्यासाठी झटले होते! घरी राखणदार आणि परक्या भूमीवर शिकारी, अशी ही विसंगती. आज आपण बंदूक नेत नाही, कॅमेरा नेतो. ही प्रगती खरीच. परंतु आपली विसंगती नेमकी उलट तर नाही ना, हे तपासून पाहिले पाहिजे. तेथे आपण गाडीत श्वास रोखून बसतो, कागदाचा कपटाही खाली टाकीत नाही. येथे परतल्यावर काय करतो?

त्या भूमीची दुसरी एक आठवण प्रवाशांना क्वचितच सांगितली जाते. टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटरचे आहे. आजच्या ठाणे जिल्ह्याच्या जवळजवळ साडेतीन पट. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट दरवर्षी पावसामागून त्या कुरणांतून फिरतात. ही कुरणे निर्मनुष्य नव्हती. मसाई लोक आपली गुरे घेऊन तेथे राहत होते. १९५९ साली त्यांना सेरेंगेटीतून बाहेर काढून गोरोंगोरोच्या बाजूला हलविण्यात आले. ज्यांच्या शेजारी ते प्राणी पिढ्यानुपिढ्या टिकले, त्यांनाच प्राणिरक्षणासाठी उठावे लागले. आज प्रवाशाला मसाई दिसतो तो बहुधा स्वागताला नाचणारा किंवा मण्यांच्या माळा विकणारा. या गोष्टीवर बोट ठेवताना आपण स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आपल्या नळांना पाणी पुरविणाऱ्या बारवी धरणाची उंची वाढविली गेली, तेव्हा आपल्याच मुरबाड-बदलापूरच्या बाजूची काही गावे आणि पाडे पाण्याखाली गेले. आपली तहान भागविण्यासाठी कोणी आपले अंगण सोडले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आपल्या समाजातील काही घरांना तर आफ्रिका मुळीच परकी नाही. नैरोबी, मोंबासा, कंपाला येथे गोव्याचे कॅथॉलिक कारकून, शिंपी आणि शिक्षक म्हणून पिढ्यान् पिढ्या राबले. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून घालविले, तेव्हा त्यांच्यातील कित्येकांचे संसार उधळले. १९६६ साली केनियाचे उपाध्यक्ष झालेले जोसेफ मुरुंबी हे गोमंतकीय पिता आणि मसाई माता यांचे पुत्र. ज्या घरात अशा आठवणी आहेत, तेथील आजीने नातवंडाला सांगितले पाहिजे की आफ्रिका म्हणजे केवळ सिंह नव्हे. तेथे माणसे राहतात, प्रार्थना करतात, आपल्यासारखीच मुले वाढवतात.

तीन पिढ्यांनी एकत्र जाण्याचे खरे मोल येथेच आहे, आणि ते आपल्याला शिकवितात आफ्रिकेतील हत्ती. हत्तींचा कळप म्हणजे आजी, तिच्या मुली आणि नातवंडे यांचे कुटुंबच. पुढारीपण असते वडीलधाऱ्या मादीकडे. १९९३ साली टांझानियातील तारांगिरे उद्यानात भीषण दुष्काळ पडला. अभ्यासकांना आढळले की काही कळप पाणी-चाऱ्याच्या शोधात उद्यानाबाहेर पडले, काही तेथेच राहिले. बाहेर पडलेल्या कळपांतील पिल्ले तुलनेने कमी दगावली. त्या कळपांच्या म्हाताऱ्या माद्यांनी सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ लहानपणी सोसला होता. पाणी कोठे मिळते याची आठवण त्यांना असावी, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. हस्तिदंतासाठी शिकारी मारतात ते मोठ्या सुळ्यांचे, म्हणजेच वयस्क हत्ती. अशा हत्तिणीबरोबर कळपाची आठवणही मरते आणि तिची किंमत पुढे पिल्लांना मोजावी लागते.

हे ऐकून आपल्या घराकडे वळावे. प्रवासाची आखणी करताना आजी-आजोबांचा विचार आपण कोणत्या क्रमाने करतो? केनिया आणि टांझानियाला जाणाऱ्या भारतीय प्रवाशाला पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठीनंतर ही लस प्रथमच घेणाऱ्याला गंभीर त्रास होण्याचा धोका तरुणांपेक्षा अधिक असतो. डॉक्टर प्रकृती पाहूनच निर्णय देतात. समजा, डॉक्टरांनी आजोबांना नकार दिला. मग कुटुंब काय करील? त्यांना शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवून पुढे निघेल, की बेत बदलून सर्वांना झेपेल अशा ठिकाणी जाईल? याचे एकच ठरावीक उत्तर नाही. ‘तुम्ही जा, मी राहतो,’ असे आजोबा मनापासूनही म्हणू शकतात. परंतु ते मनापासून म्हणतात की ओझे होऊ नये म्हणून म्हणतात, हे ओळखण्याइतके लक्ष त्यांच्याकडे दिलेले असले पाहिजे. खरी परीक्षा येथे आहे.

पवित्र शास्त्रातही प्राण्यांच्या सोबतीने झालेला एक कौटुंबिक प्रवास आहे. नोहा, त्याची पत्नी, तीन मुलगे आणि तीन सुना अशी आठ माणसे तारवात चढली. त्या प्रवासाचा मुखिया होता सर्वांत वयोवृद्ध माणूस. प्राणी तेथे पाहण्यासाठी घेतलेले नव्हते. त्यांना जगवायचे होते, चारा घालायचा होता. पूर ओसरल्यावर देवाने जो करार केला तो केवळ नोहाच्या वंशजांशी नव्हे, तर तारवातून उतरलेल्या प्रत्येक सजीवाशी केला. २६ जुलै २००५ चा पूर आणि जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्याने वेढलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस ज्यांनी अनुभवली, त्यांना या कथेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पाणी चढते तेव्हा माणूस आणि जनावर एकाच उंचवट्याचा शोध घेतात.

आता आपल्या दारातील प्राण्याविषयी. २०१९ च्या जानेवारीत उल्हासनगरच्या वस्तीत एक बिबट्या शिरला. वनखात्याच्या आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पथकाने त्याला बेशुद्ध करून सुखरूप पकडले. २०२२ साली कल्याण पूर्वेत पुन्हा तसेच घडले. दोन्ही वेळी लोक घाबरले, आणि ते स्वाभाविकच होते. पण गंमत पाहा: ज्या बिबट्याचे ओझरते दर्शन व्हावे म्हणून आफ्रिकेत आपण पहाटे चारला उठून लाखो रुपये वेचतो, तोच आपल्या डोंगरातून खाली उतरला की ‘याला मारून टाका’ अशी हाक उठते. तो का उतरतो? वस्तीच्या कडेला कचऱ्याचे ढीग असतात, ढिगांवर भटकी कुत्री पोसली जातात आणि कुत्री हे बिबट्याचे सोपे भक्ष्य. आमंत्रण आपणच दिलेले असते. त्याला पकडून दूर सोडणे हाही सरळ उपाय नव्हे. जुन्नर भागात अशा प्रकारे बिबटे हलविल्यानंतर माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वाढले, असे विद्या अथ्रेया यांच्या अभ्यासातून दिसून आले आहे.

ज्या घराने बिबट्याच्या हल्ल्यात मूल गमावले आहे, त्याला प्राणिप्रेमाचे धडे देण्याचा अधिकार आम्हांला नाही. माणसाचा जीव मोलाचाच आहे आणि त्याचे रक्षण आधी. परंतु भय आणि द्वेष यांत अंतर आहे. आपल्या जिल्ह्यातील आदिवासी बांधव वाघदेवाला मानतात, वाघबारस पाळतात. त्यांचे दैवत आपले नसेल. पण भय बाळगूनही शेजार सोडू नये, ही त्यांची समज आपल्यापाशी असलीच पाहिजे. गुब्बिओच्या लांडग्याची कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. संत फ्रान्सिसने लांडग्याला मारले नाही, की गावकऱ्यांना भित्रे म्हटले नाही. लांडगा भुकेला आहे हे त्याने ओळखले आणि दोन्ही पक्षांना आपापले कर्तव्य नेमून दिले. याच संताला पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली पर्यावरणाचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

आणि नदी? अंबरनाथजवळच्या डोंगरातून निघणारी वालधुनी १०६० साली बांधलेल्या शिवमंदिराच्या कडेने वाहत उल्हासनगरातून पुढे जाते. तिच्या पाण्यात पोहलेली, मासे धरलेली माणसे आज आजोबा झाली आहेत. २०१४ साली याच नदीत सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरातील शेकडो लोकांना रुग्णालयात नेले. मुले आज तिला ‘नाला’ म्हणतात. ती नदी होती ही आठवण ज्यांच्यापाशी आहे, त्यांना कोणी विचारीत नाही. म्हाताऱ्या हत्तिणीचे ऐकणारा कळप वाचला. आपण मात्र आपल्या म्हाताऱ्यांना दूरचित्रवाणीसमोर बसवून ठेवले आहे.

म्हणून, वाचकहो, ज्यांना ऐपत आहे त्यांनी आफ्रिकेला अवश्य जावे. हत्तींचे कळप पाहून निर्मात्याची स्तुती करावी. मात्र जाण्यापूर्वी एखाद्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आजी-आजोबांना घेऊन कोंडेश्वराकडे किंवा बारवीच्या वाटेला जावे. पूर्वी येथे काय होते, कोणते पक्षी येत, पाणी कोठपर्यंत चढे, हे नातवंडांनी त्यांना विचारावे आणि वहीत लिहून ठेवावे. जी वाडी वाटेत लागेल तेथील माणसांशी दोन शब्द बोलावेत. आपल्या इमारतीचा कचरा कोठे जातो, हे मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहावे. प्रवासखर्चाचा दहावा हिस्सा नदीच्या वा वनाच्या कामासाठी, किंवा धरणामुळे उठलेल्या कुटुंबातील एखाद्या मुलाच्या शिक्षणासाठी बाजूला काढावा.

हे सारे केलेले कुटुंब आफ्रिकेत गेले, तर त्याला तेथे अधिक दिसेल. आणि ज्यांना जाणे कधीच जमणार नाही, अशा आपल्यातील बहुसंख्य कुटुंबांचेही काही अडणार नाही. देवाने आदामाला जगभरच्या बागा पाहावयास पाठविले नव्हते. ज्या बागेत ठेवले, तीच राखावयास सांगितली होती.