माथेरानकरांनो, पुरे झाली ही रड

बाजारात भेटलात की तुमची एकच रड. पाणी महाग. लाल धूळ नाकातोंडात जाते. पाहुणा पूर्वीसारखा येत नाही. पोरांना इथं काही भविष्य नाही. सगळं खरं आहे, एकही तक्रार खोटी नाही. मला फक्त एवढंच सांगा: यातली एक तरी तक्रार नगरपरिषदेत लेखी कुणी दिली? पोच घेतली का? मागच्या सर्वसाधारण सभेला प्रेक्षकांत कोण बसलं होतं? आता का माना खाली गेल्या?

तुम्ही अडाणी असता तर मी तोंड उघडलं नसतं. पण तुमच्यातल्या कितीतरी जणांना मी वर्गात शिकवलंय. तुम्हाला हॉटेलचा जीएसटी वेळेवर भरता येतो. परवान्याचं नूतनीकरण एक दिवस चुकत नाही. शेजाऱ्याची भिंत हातभर पुढं सरकली की कुठल्या कार्यालयात, कुठल्या टेबलावर जायचं, हे तुम्हाला पाठ असतं. म्हणजे कायदा कळतो. अर्ज लिहिता येतो. गावाचा विषय निघाला की मात्र लगेच वेड पांघरून पेडगावला जाता.

4 फेब्रुवारी 2003 ला केंद्र सरकारनं माथेरान आणि भोवतालचा 214.73 चौरस किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. ती अधिसूचना किती जणांनी वाचलीय? ऐकीव नको, वाचलीय का? राज्य सरकारनं दोन वर्षांत या टापूचा बृहत् आराखडा करावा, असं त्यात लिहिलं होतं. दोन वर्षं उलटली, आराखडा झाला नाही. त्या दिवशी तुमच्यातलं कोण विचारायला गेलं? कोणी नाही. पुढची वीस वर्षं मात्र प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर: ‘इको झोन आहे ना, काही करताच येत नाही.’ गटार तुंबलं, इको झोन. दवाखान्यात डॉक्टर नाही, इको झोन. डॉक्टर आणायला कुठल्या अधिसूचनेनं मनाई केली? दाखवा मला ते कलम. आणि हाच इको झोन तुमच्या हॉटेलच्या जाहिरातीत पहिल्या ओळीत असतो: मोटारींचा आवाज नाही, धूर नाही, शुद्ध हवा. कमवायला इको झोन चालतो, काम टाळायलाही चालतो. जपायची वेळ आली की तो सरकारचा.

आता दस्तुरीचं बोलू. घोडं नेमकं तिथंच पेंड खातं.

मुंबईचा, पुण्याचा, सुरतेचा माणूस दमून मोटारी थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर उतरतो. बरोबर म्हातारी आई, कडेवर पोर. पलीकडे अमन लॉज स्थानकावरून मिनी ट्रेनची शटल सुटत असते आणि इकडे त्याला सांगितलं जातं, मिनी ट्रेन बंद आहे. ई-रिक्षा बंद आहे. आत चालत जाता येणार नाही, घोडाच करा. दर विचारला तर तोंडाला येईल तो. ही फसवणूक किती वर्षं चाललीय, हे तुमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. करणारा कोण, हेही ठाऊक होतं. कुणाचा भाचा, कुणाचा मेहुणा, कुणाचा मतदार. म्हणून सगळे गप्प. आणि त्याच माणसानं आपल्या हॉटेलवर गिऱ्हाईक आणून सोडलं तर दलाली मोजून देणारे हात कुणाचे होते? ते नाव मला सांगायला लावू नका.

शेवटी मार्च 2025 मध्ये तुम्हाला आख्खं गाव बंद ठेवावं लागलं. ज्या गावाची चूल पर्यटकावर पेटते, त्या गावानं पर्यटकांची फसवणूक थांबावी म्हणून दुकानं आणि हॉटेलं बंद केली. बंद पुकारणाऱ्यांना मी दोष देत नाही, निदान ते उभे तरी राहिले. पण विचार करा, गोष्ट तिथवर गेलीच कशी? जाहीर दरपत्रक, ओळखपत्र, एक चौकी, आणि फसवणूक करणाऱ्याचा परवाना रद्द करायची हिंमत, एवढ्यानं भागलं असतं. पहिल्या तिन्ही गोष्टी आठवड्यात होतात. चौथी होत नाही, कारण ज्याचा परवाना रद्द करायचा तो तुमच्या पंगतीला बसतो.

घोडेवाल्यांनो, तुम्हीही कान इकडे करा. प्रामाणिकपणे धंदा करणारे तुमच्यात पुष्कळ आहेत. मग तुमच्यातल्या लबाडांना तुम्ही का पोसता? ते एका पाहुण्याला लुबाडतात आणि दहा पाहुणे तुमच्याकडे पाठ फिरवतात. लीद उचलायची कुणी, यावरून वर्षानुवर्षं वाद घालता. ती वाळून लाल मातीत मिसळते आणि तुमच्याच पोरांच्या छातीत जाते. त्यासाठी कुठल्या न्यायाधीशानं आदेश द्यायला हवा?

न्यायाधीशांवरून आठवलं, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप आहे. 2011 च्या जनगणनेत या गावात 4,393 माणसं होती. दहा वर्षं आधी 5,139 होती. एवढीशी वस्ती. सगळे एकमेकांना नावानं ओळखतात. आणि या वस्तीत कुठल्या रस्त्यावर कसला ब्लॉक बसवायचा, ई-रिक्षा कुणी चालवायची, हे दिल्लीत सर्वोच्च न्यायालयानं ठरवायचं? दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांवर नाही, हे देशाच्या सरन्यायाधीशांनी सांगावं लागलं. त्यांना दुसरी कामं नाहीत का? तुम्ही एका खोलीत बसून दोन तास बोलला असतात तर निम्मं भांडण तिथंच मिटलं असतं. पण तुम्ही बसला नाहीत. घोडेवाले वेगळे, हॉटेलवाले वेगळे, रिक्षावाले वेगळे. प्रत्येकाची समिती वेगळी, प्रत्येकाचा वकील वेगळा. आणि निकाल आला की सगळ्यांचा सूर एकच: ‘कोर्टाचा आदेश आहे, आम्ही काय करणार?’ कोर्टात गेलं कोण? तुम्हीच ना?

हातरिक्षेबद्दल तर बोलायचीही लाज वाटते. चढावर माणूस माणसाला ओढत होता. पुढं एक, मागं दोन, पावसाळ्यात अनवाणी. तुम्ही रोज बघत होता, मीही बघत होतो. त्यांची फुप्फुसं फाटत होती आणि आपण त्याला ‘माथेरानची परंपरा’ म्हणत होतो. डिसेंबर 2022 मध्ये प्रायोगिक ई-रिक्षा आल्या, शाळेतली पोरं दप्तरं घेऊन त्यात बसली, तीन महिन्यांत त्या बंद पडल्या. तेव्हा त्या पोरांच्या आयांनी नगरपरिषदेवर मोर्चा नेला असता तर मी पुढं चाललो असतो. कोणी हललं नाही. शेवटी 6 ऑगस्ट 2025 ला न्यायालयानंच सांगितलं, सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा आणि ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा. निकाल रिक्षा ओढणाऱ्यांनी मिळवला. गावानं काय केलं? कुणाचं गिऱ्हाईक कमी होणार, याचा हिशेब.

दर वर्षी 2 जानेवारीला तुम्ही भाई कोतवालांच्या पुतळ्याला हार घालता. हा माणूस याच गावात जन्मला. गरिबाघरचा. शिकून वकील झाला. याच नगरपालिकेत निवडून आला, उपाध्यक्ष झाला. गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, पोरांसाठी शाळा उघडल्या, आणि 1943 मध्ये सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळ्यांना सामोरा गेला. वय जेमतेम तीस. त्यानं ‘वरून आदेश नाही’ म्हणून कधी हात झटकले का? त्याच्यासारखा जीव द्या, असं तुम्हाला कुणी सांगत नाही. महिन्यातून एक दुपार द्या म्हणतोय.

खाली बघा जरा. जुम्मापट्टी, आसलवाडीच्या बाया डोक्यावर ओझं घेऊन डोंगर चढून येतात, तेव्हा तुमच्या दारात भाजी आणि सरपण येतं. तुम्ही दरीत ढकललेला कचरा पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर त्यांच्याच ओढ्यात उतरतो. ओला, सुका, घातक वेगळा करा, हे 2016 च्या नियमांतच स्वच्छ लिहिलं होतं. प्लॅस्टिकबंदी राज्यात 2018 पासून आहे. हॉटेलमागची ती कोपऱ्यातली जागा मी पाहिलीय. कुणाची, ते तुम्हाला कळलंय.

आणि पाण्याचं रडगाणं. पाणी नेरळहून उपसून एवढ्या उंचीवर चढवावं लागतं, ते महाग पडणारच. पण याच माथ्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळतो. किती हॉटेलांच्या छपराचं पाणी टाकीत उतरतं? शार्लोट तलावात गाळ किती साचलाय, हे कुणी कधी विचारलं? बिलावर बोट ठेवता येतं, छपराकडे बघता येत नाही.

निवडणुका रखडल्या, काही वर्षं कारभार प्रशासकाच्या हातात होता. तेव्हा म्हणत होता, ‘लोकप्रतिनिधीच नाहीत, जायचं कुणाकडे?’ डिसेंबर 2025 मध्ये मतदान झालं. आता नगराध्यक्ष आहे, नगरसेवक आहेत, तुमच्या गल्लीतलेच आहेत. तेही निमित्त संपलं. की आता ‘आपला माणूस आहे, त्याला कसं विचारायचं’ हे नवीन निमित्त शोधलंत? आपला आहे म्हणूनच विचारा. परक्याला विचारून काय उपयोग?

आणि नगरसेवक झालेल्यांनो, तुमच्यापैकी दोघंतिघं पहिल्या बाकावर बसायचे. उत्तर येत असायचं आणि दुसरा चुकेल म्हणून वाट बघायचे. ती सवय सभागृहात नेऊ नका. तुम्हाला उत्तरं येतात. दस्तुरीचं येतं, लिदीचं येतं, हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचं येतं. विषयपत्रिकेवर घ्या, ठराव करा, कुणी कशाच्या बाजूनं हात वर केला ते इतिवृत्तात नोंदवा आणि ते इतिवृत्त बाजारपेठेतल्या फलकावर लावा.

बाकीच्यांनो, सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते. पुढच्या सभेची विषयपत्रिका मागून घ्या, घरी नीट वाचा, प्रश्न कागदावर उतरवा आणि वेळेवर येऊन बसा. तुम्हाला हे सगळं जमतं. त्या दिवशी दुकान चालवायला घरात माणसं आहेत, हेही मला माहीत आहे. त्यामुळे गैरहजेरीचं कारण माझ्यापर्यंत आणू नका.