डब्यावरची पाकळी

हायकू म्हणजे तीन तुटक ओळी, त्या कुणालाही जमतील, असं म्हणणारे पुष्कळ. पण लिहायला बसलं की कळतं, शब्द सुचायला वेळ लागत नाही, सुचलेले खोडायला लागतो. शिरीष पै यांनी हा जपानी प्रकार मराठीत रुजवला, पण ओळींचा पाच-सात-पाच मात्रांचा हिशेब घट्ट धरला नाही. बरंच झालं; जपानी मात्रा आणि आपलं अक्षर एका मापाचं नाहीच. मोजणी सुटली तरी ऋतूची खूण आणि एक पाहिलेला क्षण, एवढं उरतंच.

यावर कुणी म्हणेल, ऋतू जपानचे, चेरीचा बहर तिकडचा. 1959 साली पहिली ब्लास्ट फर्नेस पेटलेल्या आपल्या भिलाईत हायकूला काय मिळणार? वैशाखातली कारखान्याची पहिली पाळी बघा. सायकलच्या हँडलला डबा, डब्यावर गुलमोहराची गळलेली पाकळी. एरवी कारखाना म्हटलं की कवी धूर आणि घामावर व्याख्यान झोडतो. हायकू डब्याशेजारी पाकळी ठेवतो आणि गप्प बसतो. थकवा, उन्हाळा, घरून निघतानाची घाई ऐकणाऱ्याने आपली आपण भरायची. आणि कागद? बसच्या तिकिटाची मागची बाजूही पुरते.