खांद्याचा धक्का

माझी नोकरी पोलिसांत झाली, पण चोर पकडण्यात नाही. कोतात झाली. कोत म्हणजे हत्यारांची खोली. बंदुका पुसायच्या, नळीतून चिंधी ओढायची, तेल द्यायचं, बटावरचा नंबर बघून रायफल द्यायची आणि नंबर बघूनच परत घ्यायची. निवृत्त होऊन मोखाड्याला घरी आलो, तर नातवाचा पहिला प्रश्न, "आजोबा, तुम्ही किती जणांना मारलं?"

"एकालाही नाही."

त्याचं तोंडच उतरलं. तेव्हापासून मोबाइलवर मारामारीचा सिनेमा लागला की तो मला शेजारी बसवतो. मी चुका काढायच्या आणि त्याने चिडायचं, असा आमचा खेळ.

चुका काढायला फार डोकं लागत नाही. रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावतात. अरे, तिच्या चक्रीत आणि नळीत फट असते, आवाज तिथूनच फुटतो. पुढे नळकांडं लावून काय होणार? पिस्तुलाला लावलं तरी नुसतं 'फुस' होत नाही, आवाज थोडा दबतो इतकंच. एके-४७ च्या मॅगझिनमध्ये ३० गोळ्या. मिनिटाला ६०० चा वेग; चाप दाबून धरला, तर ३ सेकंदांत रिकामं. नायक मात्र अख्खं भांडण त्यावर निभावतो. बंद खोलीत दहा बार काढून लगेच कुजबुजतोही. आमच्या कानांना चांदमारीवर, उघड्या माळावरही दडे बसायचे.

हे सगळं मी हसून सोडतो. एक चूक मात्र सोडवत नाही. गोळी लागलेला माणूस उडून चार हात मागे जातो, आणि मारणारा जागचा हलत नाही.

आमची जुनी थ्री-नॉट-थ्री रायफल घ्या. वजन चार किलोच्या आसपास. गोळी जेमतेम ११ ग्रॅमची, धावते सेकंदाला साधारण साडेसातशे मीटर. ती ६० किलोच्या माणसात अडकली, तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला वीतभरसुद्धा भरत नाही. माणूस उडत नाही. खाली बसतो, कोसळतो, कधी तसाच झुंजत राहतो. २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर आमच्या पोलिसांतले तुकाराम ओंबळे हातात नुसती लाठी असताना पुढे गेले आणि अतिरेकी कसाबच्या एके-४७ ची नळी त्यांनी धरली. गोळ्या अंगात शिरत होत्या तरी पकड सुटली नाही. मागे उडून पडणारे नट बघितले की मला ते हात आठवतात.

आणि गोळी पुढे जेवढा धक्का नेते, तेवढा मागे खांद्याला येतोच. दारूचा धूरही पुढे सुटतो, त्याचा धरला तर थोडा जास्तच. म्हणजे मोजमापाने बघायचं तर मारणाऱ्याला मरणाऱ्यापेक्षा जास्त धक्का. नवी पोरं बट सैल धरायची. संध्याकाळी बनियन काढलं की खांद्यावर काळानिळा चट्टा.

आमच्याकडे हरिपाठ असतो, कधीमधी कीर्तनही. एकदा बुवांनी गीता लावली होती. आत्मा मरत नाही, कुणी कुणाला मारत नाही, वगैरे. मी बोललो नाही, पण मनात म्हटलं, बुवा, खांद्याला विचारा. पुढे घरी पोथी काढून पहिला अध्याय पुन्हा वाचला, जो सगळे घाईने उरकतात. अर्जुनाचं तोंड कोरडं पडतं, अंगाला कापरं भरतं, गांडीव हातातून निसटतं. बाण अजून सुटलेलाही नाही आणि धक्का आधीच बसलाय! ज्याला असा धक्का बसला, त्यालाच कृष्णाने दुसऱ्या अध्यायातलं ते सांगितलं. न हादरलेल्या माणसाने तेच वाक्य तोंडात घेतलं, तर ते तत्त्वज्ञान राहत नाही, सबब होते. सिनेमातल्या नायकाला पहिला अध्याय लागत नाही. थेट दुसऱ्यात उतरतो, तोही काळा चष्मा लावून.

नातू म्हणतो, मग बरोबर काय दाखवलंय ते तरी सांगा. 'शोले' सांगितला. १९७५ चा सिनेमा, पण गब्बर आपल्याच तीन माणसांवर रिव्हॉल्व्हर रोखतो, त्या प्रसंगात चक्रीचा हिशेब चोख आहे. सहा गोळ्या, तीन हवेत उडवल्या. लागोपाठ उडवल्या, म्हणजे रिकामी घरंही लागोपाठची. चक्री फिरवली. आता तिघांवर तीन वेळा नुसता खटका पडायचा, तर तो योग सहात एक. तो जुळून येतो. मग उरलेली तीन भरलेली घरं ओळीने पुढे येतात आणि तिघेही मरतात. नातवाने वहीत सहा गोल काढून ताळा केला आणि खूश झाला. मी नाही झालो. गोळ्यांचा हिशेब जुळला तरी माझ्या खांद्याचा प्रश्न तसाच राहिला. दैवाने सोडलेल्यांना त्याने मारलं, आणि अंगावर शहारासुद्धा नाही. अर्थात तो गब्बर आहे. न हादरणं हीच त्याची ओळख. माझी तक्रार नायकांबद्दल आहे. तेही हल्ली तसेच दाखवतात.

चांदमारी संपली की आम्ही पुंगळ्या मोजायचो. जेवढे राउंड दिले, तेवढ्या पुंगळ्या परत जमा. एकदा एक कमी भरली. भर उन्हात पंचवीस माणसं गवतात गुडघ्यावर. कुणी मेलेलं नाही, कागदाच्या माणसावर मारलेली गोळी, तरी तिच्या पुंगळीशिवाय आम्हाला घरी सोडत नव्हते. तिन्हीसांजेला एकाच्या बुटाखाली चिखलात रुतलेली सापडली. चित्रगुप्ताची कल्पना मला त्या दिवशी पटली.

होळीनंतर आमच्याकडे जगदंबेचा बोहाडा असतो. मुखवटे चढवून एकेक सोंग संबळाच्या ठेक्यावर नाचत येतं. हत्यारं लाकडाची. चूक काढायची म्हटली तर इथे सगळंच चूक; अशा तलवारीने काकडी कापली जायची नाही. यंदा नातवाला रात्रभर बसवलं. शेवटी देवी आणि महिषासुर समोरासमोर आले. पुढे, मागे, गोल, पुन्हा पुढे. महिषासुर पडला. मुखवट्याआडचा माणूस धापा टाकत मातीत पडून राहिला, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माणसं धावली ती देवीकडे. ती थरथरत होती, दोघांनी मागून कमरेला घट्ट धरलं होतं, तिसरा पाण्याचा तांब्या घेऊन उभा.

नातवाने माझी बाही ओढली. "आजोबा, जिंकली ना ती? मग तिलाच का धरलंय?"

"दमली असेल," मी म्हटलं. तो अजून तिच्या हातांकडेच बघत होता.